डब्यातले खटके

६ जानेवारी

निवृत्त माणसाने डायरी लिहावी, असं निरोप समारंभात कुणीतरी म्हणालं आणि हातात ही जाड वही कोंबली. इतके दिवस ती कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज लिहिण्यासारखं काही आहे. घरातले सगळे दिवे मी पॅनेलवर घेणार आहे.

आयुष्य कारखान्याच्या पॅनेल विभागात गेलं. दुसऱ्यांची यंत्रं माझ्या रिलेंवर मुकाट्याने चालत होती आणि माझ्या स्वतःच्या घरात मात्र जिन्याचा दिवा लावायला अर्धा जिना अंधारात चढावा लागतो. आता हे चालायचं नाही. आराखडा तयार आहे. प्रत्येक दिव्याची तार सरळ बोळातल्या पॅनेलमध्ये येईल, तिथे प्रत्येकाला एकेक रिले. भिंतीवर जुने खटके राहणार नाहीत, फक्त छोटी गुळगुळीत बटणं, दारावरच्या घंटेसारखी. एकदा दाबलं की रिले टक् करून दिवा लावेल, पुन्हा दाबलं की टक् करून विझवेल. कुठल्या बटणाने काय व्हावं, किती वेळ व्हावं, हे मी लॅपटॉपवर ठरवेन.

हिला आराखडा दाखवला. कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला, मग परत दिला. म्हणाली, "जुने खटके काय वाईट आहेत?"

"वाईट नाहीत, मागासलेले आहेत."

"अहो, पण खटक्याला बोट लावलं की कळतं, चालू आहे का बंद. खाली असला की चालू."

मी म्हटलं, "मग देवाने डोळे कशाला दिलेत?"

बिनतोड उत्तर दिलं की ही विषयच बदलते. जाता जाता म्हणते, तुमच्या पेनाच्या निबेची करकर पार स्वयंपाकघरात ऐकू येते. एवढे तिखट कान देऊन देवाने नवऱ्यांवर सूडच उगवला आहे.

१७ जानेवारी

वायरमन आठवडाभर येतो आहे. मी त्याला चिमटा म्हणतो, कारण जेवतानाही त्याच्या खिशात चिमटा असतो. काम बरं करतो, पण तारांना नंबर लावायचा त्याला भारी कंटाळा. मी मागे उभा राहून प्रत्येक टोकाला नंबर लावून घेतला. नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत व्हायची.

आज जुने खटके उतरवले. हिने ते सगळे मागून घेतले. ओल्या फडक्याने एकेक पुसला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. चिमटा म्हणाला, "काकू, भंगारवालाही घेणार नाही हे." ही म्हणाली, "असू देत." माझ्या आजारपणात कधी एवढ्या मायेने कपाळ पुसलेलं आठवत नाही.

दुपारी शिडीला धडकली. शिडी तीन दिवस त्याच जागी उभी आहे आणि शिडी म्हणजे काही टाचणी नव्हे. कपाळाला टेंगूळ आलं. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? तर म्हणे, "बाजूला होती हो, समोर नव्हती." धडकली ती बाजूला असलेल्या वस्तूला! या न्यायाने रस्त्यातले सगळे अपघात बाजूलाच होतात.

नव्या दिव्यांवरही तक्रार आहेच. म्हणे, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. मी दुसऱ्या कंपनीचा दिवा लावून दिला. त्यालाही कडं. तिसरा लावला. त्यालाही. नाचता येईना आणि अंगण वाकडं.

३ फेब्रुवारी

चालू झालं!

सकाळी शेवटचा प्रोग्राम भरला, पॅनेलचा मेन वर केला आणि आरामखुर्चीत बसून मांडीवरच्या लॅपटॉपवरून घरातला एकेक दिवा लावला, विझवला. टक्. टक्. आवाज असा स्वच्छ की पुन्हा नोकरीवर गेल्यासारखं वाटलं. चिमटा तोंड उघडं ठेवून बघत होता. चिमट्याला कळतं, बायकोला नाही.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बटण दाबत होती. टक्, लागला. टक्, विझला. टक्, लागला. टक्. मी ओरडलो, "खेळणं आहे का ते?" तर म्हणाली, "कळत नाही कुठे आहे ते." कुठे आहे ते म्हणजे काय? डोक्यावर आहे!

१० फेब्रुवारी

आठवडाभर हिचा तोच चाळा. एका दिव्याला चार चार वेळा दाबते. रिले काही अमर नसतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. म्हणून आज प्रोग्राममध्ये एक नियम घातला. लागोपाठ दोनदा बटण दाबलं की पुढची पाच मिनिटं ते बटण ऐकणारच नाही. कारखान्यात नव्या कामगारांना मी असंच सरळ करत असे. तोंडाने शंभरदा सांगण्यापेक्षा यंत्राने एकदा सांगितलेलं चांगलं लक्षात राहतं.

संध्याकाळी परिणाम पाहायला मुद्दाम समोर बसलो. ही आत गेली, बटण दाबलं, लागला. पुन्हा दाबलं, विझला. मग दाबत राहिली आणि बटण ढिम्म. मला हसू आवरेना.

तेवढ्यात आतून विचारते, "अहो, दिवा लागला का?"

अंधारात उभी राहून मला विचारते, लागला का! टोमणे मारण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. मीही कमी नाही. म्हटलं, "लागला, लागला! लख्ख!"

"बरं," म्हणाली आणि पाटावर सुरी घेऊन भाजी चिरायला लागली. मला वाटलं, आता चिडेल, बाहेर येईल. पण नाही. माझी जिरवायची म्हणून अंधारात चिरत बसली, सगळं शांतपणे. हट्टाची कमाल झाली. शेवटी मीच लॅपटॉपवरून दिवा लावला. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी

पाच मिनिटांचा नियम हिला समजावून सांगितला, त्याचा गुण येतो आहे. न्हाणीघराचा दिवा मी दहा मिनिटांवर ठेवला आहे, दहा मिनिटांनी आपोआप विझतो. जास्त वेळ लागला तर आतलं बटण दाबायचं. आज ही आत गेली, दहा मिनिटांनी दिवा विझला, आणि आतून पाण्याचा आवाज चालूच. ना हाक, ना बटण. बऱ्याच वेळाने केस बांधून बाहेर आली.

"अंधारात आंघोळ केलीस?"

बांधलेले केस पुन्हा सोडून बांधले. मग म्हणाली, "तुमची वीज वाचवली."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिला माझं काही पटलं. मी मुलीला फोन करून मुद्दाम सांगितलं. मुलगी हसली नाही. म्हणाली, "आईला फोन द्या." दोघी काय बोलल्या कोण जाणे. आई-मुलींच्या गप्पांना सुरुवात असते, शेवट नसतो.

६ मार्च

दोन दिवस हिचं डोकं दुखतं आहे. काल उलटी झाली. उजवा डोळा लाल आहे आणि आतून ठणकतो म्हणते. पित्त झालं असणार. मुलगी फोनवर डॉक्टर डॉक्टर करत होती, पण हिनेच नको म्हटलं. ते बरंच झालं, कारण या आठवड्यात मी प्रोग्रामची दुसरी आवृत्ती लिहितो आहे आणि डॉक्टरकडे अख्खी सकाळ जाते.

मी काही कठोर माणूस नाही. उजेडाचा त्रास होत असेल म्हणून तिच्या खोलीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या दोन दोन दिव्यांपैकी एकेकच लागेल असं करून दिलं. डोळ्याला आराम आणि बिलालाही. आता संध्याकाळी तिथे छान मंद वाटतं.

रात्रीच्या जेवणानंतर उगाच विचारते, "माझ्या आईचं शेवटी काय झालं होतं, आठवतं का हो तुम्हाला?"

न आठवायला काय झालं? सासूबाईंना शेवटी दिसत नव्हतं. कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून ठेवलं होतं. तिन्ही सुना मिळून त्यांना शेगडीपाशी फिरकू देत नसत. ताट हातात आणून द्यायच्या, आणि त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

"सुनांचं बरोबरच होतं," मी म्हटलं. "घर पेटवलं असतं तुझ्या आईने. अशा माणसाचा स्वयंपाकघरात काय उपयोग?"

ही उठली आणि भांडी घासायला गेली. भांडी तर मघाशीच घासून झाली होती, असं मला वाटतं.

१९ मार्च

आज मोठा आनंद झाला. बोळातून जात होतो तर ही पॅनेलखाली स्टूल टाकून बसलेली. मांडीवर सूप, तांदूळ निवडत होती, सूप न बघता, नुसत्या बोटांनी. मी विचारलं, इथे का? म्हणाली, "इथे आवाज येतो."

म्हणजे हिला गोडी लागली! मी लगेच लॅपटॉप आणला. एकेक रिले लावून दाखवला आणि काय चालू होतं ते समजावलं. ही डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणते, "मला तुम्ही सांगू नका. तुम्ही वाजवा, मी सांगते." मी टक् केलं. "जिना." टक्. "न्हाणीघर." टक्. "माझी खोली." एकदाही चुकली नाही. चिमट्यालाही हे जमलं नसतं. वर म्हणते, "जिन्याचा आवाज जाड आहे बाकीच्यांपेक्षा." मी पॅनेल उघडून पाहिलं, तर त्या रिलेचा स्क्रू खरोखरच ढिला!

मी म्हटलं, कारखान्यात असतीस तर तुला तपासनीस केलं असतं. खूप हसली. मग म्हणाली, "लागतानाचा आणि विझतानाचा आवाज वेगळा करता येईल का? मला तेवढंच सांगता येत नाही."

मी म्हटलं, "त्यात काय, तुला हवं ते करून देतो." मनात म्हटलं, आवाजाने त्रासलेली दिसते बिचारी. तिला एकदाच काहीतरी असं देऊ की नाव काढेल.

३ एप्रिल

हिच्यासाठी आणलेली भेट आज बसवली. सगळे रिले बदलले. हे नवे बिनआवाजी आहेत. आत हलणारा भागच नाही, नुसतं इलेक्ट्रॉनिक. किंमत ऐकून चिमट्याने डोळे मोठे केले. मी म्हटलं, बायकोसाठी आहे, होऊ दे खर्च.

संध्याकाळी तिला बोळात बोलावलं. सगळे दिवे लावले, विझवले, लावले. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"कसं वाटतंय?"

"काय कसं?"

"अगं, आत्ता तीन वेळा सगळं घर चालू-बंद केलं मी! आवाज आला का? पूर्ण मुकं!"

ती पॅनेलला हात लावून उभी राहिली. दारावरून तळवा फिरवला, जसं काही आत कुणी आजारी आहे. "आता येणारच नाही आवाज?" म्हणाली.

"कधीच नाही."

थँक्यू वगैरे आपल्यात म्हणत नाहीत, त्यामुळे माझी अपेक्षा नव्हती. पण जेवायला बसलो तर भात कच्चा आणि भाजी करपलेली. तिच्या मनगटावर भाजल्याचा लांबच लांब डाग होता. इतकी हुरळून गेली की काय!

१२ एप्रिल

आमचा जुना फोरमन बायकोला घेऊन आला होता. त्याला सगळी व्यवस्था दाखवली. जळून खाक झाला, पण कौतुक करावंच लागलं. मग मला गंमत सुचली. मी म्हटलं, आमच्या सौभाग्यवती या विषयातल्या तज्ज्ञ आहेत, कान देऊन रिले ओळखतात. हिला बटणापाशी उभं केलं.

"दाब. आता सांग बरं, चालू का बंद?"

दिवा तिच्या डोक्यावर लख्ख लागलेला. तिने बराच वेळ कान दिला. चेहरा असा झाला होता, जसा शाळेत उभं केल्यावर मुलांचा होतो. मग म्हणाली, "बंद."

फोरमन खो खो हसला. मीही हसलो. म्हटलं, पुन्हा! तिने दाबलं. दिवा विझला. "आता... चालू?" आम्ही दोघं पोट धरून हसतोय. मी म्हटलं, "बघा, बायकांचं हे असं असतं, नवरा म्हणेल त्याच्या उलट!" तीही हसली थोडी.

फोरमनची बायको हसली नाही. ती उठून हिच्याजवळ गेली, तिच्या तोंडासमोर हात हलवल्यासारखं केलं आणि पदर नीट करायचं निमित्त केलं. जाताना मला म्हणते, "भाऊजी, वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा हो." लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच असते. मी आत येऊन हिला विचारलं, तुला नीट दिसतं ना? म्हणाली, "दिसतं की. गंमत करत होते तुमच्यासाठी."

मला ठाऊकच होतं.

२० एप्रिल

हिने वेळापत्रक बदललं आहे. दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच, खिडकीपाशी उन्हात बसून करते. संध्याकाळी स्वयंपाकघराचा दिवा लागतच नाही. त्या रिलेचा उपयोग शून्य. मी प्रोग्राममधून तो काढूनच टाकला.

४ मे

मुलगी आली आहे. न कळवता. फोरमनच्या बायकोने फोन केला म्हणे.

जेवताना हिने मुलीला भात वाढला. डाव भरून घेतला, नेला आणि ताटाच्या बाहेर, टेबलावर ओतला. मुलीने काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली. हिने पुन्हा डाव भरला, पुन्हा तिथेच. मुलीने आईचं मनगट धरलं. ते भाजलेलं मनगट. "आई," म्हणाली, "मी आज कुठल्या रंगाचे कपडे घातलेत?"

ही म्हणाली, "निळे."

मुलीने पिवळे घातले होते. मी सांगणारच होतो, तेवढ्यात मुलगी टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. ही तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती, "हळू. त्यांना ऐकू जाईल." मी समोरच बसलो होतो, एक हात अंतरावर.

मग मुलगी माझ्यावर उलटली. "बाबा, आईला दिसत नाही. तुम्ही दिवसभर घरात असता. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"दिसत नसतं तर मला कळलं असतं," मी म्हटलं. यात चूक काय बोललो?

६ मे

डॉक्टर. काचबिंदू. उजवा डोळा पूर्ण गेला, डाव्यात भर उन्हात नळीतून बघावं एवढीच फट राहिली आहे, दिव्याचा उजेड तिला पुरत नाही, आणि तीही टिकेल असं डॉक्टरला वाटत नाही. दिव्याभोवतीची कडी, डोकेदुखी, उलट्या, लाल डोळा, सगळं त्याने न सांगता ओळखलं. "मार्चमध्ये आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं," म्हणाला. "घरच्या कुणाला होतं का?" ही म्हणाली, आईला.

मग त्याने विचारलं, घरात उजेड कसा असतो? ज्यांना हा त्रास असतो त्यांनी मंद उजेडात बसू नये, बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, दिव्यांचा विषय माझा आहे, तुम्ही डोळ्यांचं बोला. डॉक्टर तरुण होता. लिहीत राहिला.

परत येताना गाडीत मी मागे वळून हिला विचारलं, "बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला खाटेवर बसवलं असतं."

असं मी कधी म्हटलं होतं? मी मागची पानं चाळून पाहिली. ते मी सासूबाईंबद्दल म्हटलं होतं, हिच्याबद्दल नाही. माणसाने नीट ऐकावं तरी.

१९ मे

मुलगी आईला घेऊन जायला निघाली होती. बॅग भरून दारात ठेवली. ही जायला तयार नाही. "तुझं घर चांगलंच आहे गं," म्हणाली, "पण ते मला पाठ नाही. हे आहे." मला भरून आलं. चाळीस वर्षांचा संसार असा एका वाक्यात उभा राहतो.

राहण्यासाठी तिने दोन गोष्टी मागितल्या. एक, स्वयंपाकघर तिच्याकडेच राहील. दोन, डब्यातले खटके पुन्हा भिंतीवर लागतील, जिथे होते तिथेच.

मुलगी म्हणाली, "आई, आता दिव्याचं काय करणार आहेस तू?"

"माझ्यासाठी नाही. घरात कोण उजेडात आहे, ते मला कळायला हवं."

मी लगेच हो म्हटलं. मुलीसमोर म्हटलं. मुलगी जाताना माझ्या पाया पडली नाही, नुसतीच गेली.

३० मे

खटके बसवले. काम मी एकट्याने केलं, चिमट्याला बोलावलं नाही.

तारा आता सगळ्या पॅनेलमध्ये गेल्या आहेत. खटके खरे जोडायचे तर सगळ्या भिंती पुन्हा फोडा, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग. आणि कशासाठी? डावा डोळाही परवा गेला. काही म्हणजे काही कळत नाही, असं तिनेच सांगितलं. तेव्हा मी विचार केला, तिला खटका हवा आहे, खटका देऊ. भिंतीला दोन स्क्रूंनी पक्का केला, मागे तार नाही. खाली केला की खट्, वर केला की खट्. दिवे माझ्या प्रोग्रामप्रमाणे लागतात. तिच्या खोलीतला लागतच नाही, जळून उपयोग कुणाला?

हिने घरभर फिरून प्रत्येक खटक्यावर बोट ठेवलं. वर, खाली. वर, खाली. "जिन्याचा पूर्वी जरा घट्ट होता," म्हणाली, "तोच आहे हा." डोळे मिटले तेव्हा त्यातून पाणी आलं. म्हणजे पाण्याची वाट अजून शाबूत आहे. मला म्हणाली, "तुम्ही एवढं केलंत." मी म्हटलं, "त्यात काय."

११ जून

दुपारी फोनवर मुलीला सांगत होती, "अगं, यांनी सगळं पूर्वीसारखं करून दिलं. मला बोटाने कळतं आता. बोळातला दिवा हे विसरतात, मी विझवते." आवाजात किती महिन्यांनी जीव होता. खोट्या खटक्यांनी माणूस एवढं सुखी होत असेल तर खऱ्याचा आग्रह कशाला धरावा? मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

संध्याकाळी मी बैठकीत ही वही घेऊन बसलो होतो. ही भिंतीला हात लावत आली, खटक्यापाशी थांबली. बोट फिरवलं. खाली.

"चालू आहे. लिहिताय वाटतं?"

"हो."

तिने खटका वर केला. खट्.

दिवा अर्थातच लागलेला होता. लख्ख. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. हनुवटी वर करून उभी होती, वाट बघत. मला कळायला थोडा वेळ लागला. ती मला अंधारात बसवत होती.

मी म्हटलं, "अगं, काय केलंस? काही दिसत नाही मला!"

ती हसली. इतकं मोठं हसणं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं असेल. "लावू का?" म्हणाली.

"लाव की."

"पाच मिनिटं थांबा. तोवर ते ऐकत नाही."

माझा फेब्रुवारीतला नियम! मला हसू आलं. मी म्हटलं, "अशी शिक्षा करतेस होय मला?" म्हणाली, "बसा. बघा कसं वाटतं." आणि बोळाकडे वळली.

तिने पहिल्यांदा माझ्यावर सूड उगवून घेतला आणि मी तो घेऊ दिला. नवऱ्याने आणखी काय करायचं? पाच मिनिटं मी अंधारात आहे असं तिला वाटतंय, तर वाटू दे. तेवढ्या वेळात हे लिहून होईल म्हणून वही पुढे ओढली आणि वरचं सगळं लिहिलं.

ती गेलेली नाही. बोळाच्या दारात, खटक्याशेजारीच उभी आहे, कान माझ्याकडे करून. हसू चेहऱ्यावरून गेलं आहे. एक हात खटक्यावर आहे. खटका वरच आहे, तिने दोनदा बोट फिरवून पाहिलं.

"अंधारात कसं लिहिताय?" असं विचारते आहे.

मी लिहितोच आहे, आणि निब करकरते आहे.